चिकोरी किती विचारता, सावली किती ते विचारा

बेळगावात गेल्या महिन्यात एका वाचनालयाने अन्न आणि पर्यावरण या विषयावर परिसंवाद ठेवला होता. उसाचा विषय निघेल, खतांचा निघेल, मलप्रभेच्या पाण्याचा तर निघेलच, अशी माझी अपेक्षा होती. निघाला तो कॉफीचा. शहरात नुकतेच कॉफीचे दुकान काढलेल्या एका तरुणाने उत्साहाच्या भरात सांगून टाकले की, सावलीत वाढलेल्या सेंद्रिय कॉफीचा प्रत्येक कप म्हणजे वाचलेल्या जंगलाचा एक तुकडा आहे. त्यावर शेतकी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, हे सगळे भरल्या पोटाचे चोचले आहेत, ज्याच्या घरी चहाची पत्ती दोनदा उकळतात त्याला सावलीचे धडे देऊ नका. टाळ्या दोघांनाही पडल्या. पुढचा अर्धा तास ही कॉफी पिणारा पुण्यवान की ढोंगी, याच प्रश्नावर गेला, आणि ज्या झाडांच्या नावाने हा वाद चालला होता त्यांपैकी एकाचेही नाव कोणी घेतले नाही.

माझे मत आधीच सांगतो. ज्याला परवडते त्याने सावलीत वाढलेली सेंद्रिय कॉफी निवडावी. पर्यावरणाच्या दृष्टीने ती निवड योग्य आहे, आणि तिला चोचला म्हणणे हे अज्ञान आहे. मात्र या शब्दजोडीतले खरे वजन 'सावली'ला आहे, 'सेंद्रिय' त्यामागून येते. बाजारात नेमके उलटे झाले आहे. पाकिटावर 'सेंद्रिय' ठळक छापलेले असते आणि सावलीचा उल्लेख असलाच तर पानाफुलांच्या चित्रापुरता. ती सावली कोणत्या झाडांची, किती जातींची, किती दाट, हे न विचारता जादा पैसे मोजणाऱ्याला समाधान तेवढे मिळते. झाडाला काही मिळेलच असे नाही.

अरेबिका कॉफी मूळची इथिओपियाच्या डोंगराळ जंगलातली, मोठ्या झाडांखाली वाढणारी. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही आख्यायिका कर्नाटकात सर्वांना ठाऊक आहे. ब्राझीलने पुढे हे झुडूप उघड्या उन्हात, यंत्राने तोडणी करता येईल अशा सलग पट्ट्यांत लावले. आपल्या घाटात मात्र दुमजली सावलीची पद्धत रुळली. वर उंबर, नंदरूख, फणस, शिसव यांचे छत्र, त्याखाली पांगाऱ्यासारखी दरवर्षी छाटता येणारी झाडे आणि सर्वांत खाली कॉफी. पांगारा शेंगवर्गातला असल्याने मुळांच्या गाठींत हवेतला नत्र साठवतो. वरच्या झाडांचा पाला वर्षभर गळत राहतो, कुजतो, आणि जूनचा पहिला मारा जमिनीऐवजी पानांवर आणि पाचोळ्यावर पडतो. जिथे तीन-चार महिन्यांत शंभर इंचांवर पाऊस कोसळू शकतो, तिथे उतारावरची माती जागेवर राहते की नदीत जाते, हे पुष्कळसे या पाचोळ्यावर ठरते. देशातल्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के कर्नाटकात पिकते आणि त्यातला मोठा वाटा कोडगूचा, म्हणजे कूर्गचा. कावेरी उगम पावते तीही कोडगूतच, तळकावेरीला. म्हणजे दक्षिणेतल्या एका मोठ्या नदीच्या माथ्यावर जे छत्र आहे, त्यातले बरेचसे सरकारी जंगलाचे नसून खासगी कॉफीमळ्यांचे आहे. ते टिकवायचे की नाही, हे मळेवाल्याच्या हिशेबवहीत ठरते.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याबरोबर सकलेशपूरच्या बाजूला अशा एका लहान मळ्यात दोन दिवस राहिलो होतो. एप्रिल होता. इकडे बेळगावात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसू नये असे ऊन, आणि तिथे झाडाखाली अंगावर पंचा घ्यावा अशी हवा. पाय टाकला की पाचोळ्यात घोट्यापर्यंत रुतत होता. मालकाने काठीने तो बाजूला सारला. खाली काळी, ओलसर, गांडुळांनी पोखरलेली माती, आणि ब्लॉसमचा पाऊस, म्हणजे कॉफी फुलवणारी वळवाची सर, होऊन तर तीन आठवडे उलटले होते. फणसाच्या खोडावर मिरीचा वेल थेट फांद्यांपर्यंत चढलेला. रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात आपल्याच परागाने फळत नाही, तिला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो आणि त्या कामात मधमाशीचा मोठा हात असतो. वरच्या उंच फांदीला लटकलेली आग्या मोहळे मालक कुणाला काढू देत नव्हता, ती याच हिशेबाने. मग कुंपणापलीकडचा मळा त्याने दाखवला. तिथेही सावली होती. पण एकाच उंचीचे, एकाच जातीचे, खांब रोवावेत तसे सरळ सिल्व्हर ओक, आणि त्यांच्यामधून उन्हाचे पट्टे कॉफीच्या खोडापर्यंत उतरलेले. दोन्ही मळ्यांचा माल एकाच व्यापाऱ्याच्या गोदामात, एकाच ढिगात जात होता.

सावली काढली की काय होते, याचा प्रयोग इतिहासात दोनदा होऊन गेला आहे. श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, इंग्रज मळेवाल्यांनी डोंगरच्या डोंगर बोडके करून सलग कॉफी लावली. १८६९ मध्ये तिथे पानांवर तांबेरा हा बुरशीचा रोग दिसला आणि पुढच्या दोन दशकांत तो उद्योग असा बसला की मळेवाल्यांना चहाकडे वळावे लागले. तांबेरा केवळ ऊन लागल्याने आला, असे म्हणणे अर्थात अतिशयोक्तीचे होईल. सावलीतही तो येतो. पण अडवायला मध्ये दुसरे काहीच नसलेल्या सलग एकपिकात तो वणव्यासारखा पसरला. दुसरे उदाहरण घरचे आहे. कोडगूत १८५४ च्या सुमारास युरोपीय मळे सुरू झाले आणि त्यांनीही आधी झाडे साफ केली. १८६० च्या दशकात खोडकिड्याने त्या मळ्यांचा फडशा पाडला. या किड्याची मादी उन्हात तापलेल्या उघड्या खोडावर अंडी घालते, दाट सावलीत तिचे फारसे चालत नाही. तिथल्या मळेवाल्यांनी त्यानंतर पुन्हा झाडे लावायला घेतली ती पक्ष्यांच्या प्रेमाने खचित नव्हे; दिवाळे निघाले म्हणून. आज आपण ज्याला पर्यावरणस्नेही म्हणतो ती पद्धत कोणा साधुपुरुषाने दिलेली नाही, नुकसानीतून आलेले ते शहाणपण आहे, आणि नुकसान विसरले गेले की शहाणपणही विसरले जाते.

आता विरुद्ध बाजूकडे वळू. तिच्याकडचा सर्वांत बळकट मुद्दा परिसंवादात कोणी मांडलाच नाही, म्हणून मीच मांडतो. भारतातली जवळजवळ सगळीच कॉफी सावलीत वाढते. मग सावलीसाठी वेगळे पैसे का द्यायचे? पाणी ओले आहे म्हणून जादा दर लावण्यासारखेच हे नाही का? मुद्दा रास्त आहे आणि 'सावलीतली कॉफी' एवढेच छापून भाव चढवणाऱ्यांना तो पुरेसे उत्तर देतो. पण सावली ही असते किंवा नसते अशी गोष्ट नव्हे. ती विरळ होत जाते, आणि हळूहळू विरळ होते म्हणूनच कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. भारतीय उत्पादनात आता सुमारे सत्तर टक्के वाटा रोबस्टाचा आहे आणि रोबस्टाला अरेबिकापेक्षा जास्त ऊन चालते. अलीकडे रोबस्टाचे भाव विक्रमी पातळीवर गेले, तेव्हा आणखी चार फांद्या छाटण्याचा मोह कोणाला झाला नसेल? त्यात कायद्याची गंमत अशी की, शिसव किंवा तत्सम देशी झाड तोडायला परवानग्यांचे खेटे घालावे लागतात, कोडगूतल्या काही प्रकारच्या जमिनींत तर लाकडावर हक्कच सरकारचा, आणि ऑस्ट्रेलियाहून आलेला सिल्व्हर ओक मात्र मालकाला मोकळेपणाने तोडून विकता येतो. झाड वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने देशी झाड ही मालकाच्या दृष्टीने अडचण करून ठेवली. जुना फणस पडला की त्याच्या जागी सिल्व्हर ओक लागतो: लवकर वाढतो, सरळ वाढतो, मिरीचा वेलही धरतो. कागदावर सावली तेवढीच राहते. मात्र उंबराच्या फळांवर जगणारा धनेश पक्षी त्या खांबावर बसून खाणार काय?

सेंद्रियवाल्यांना इथे मला थोडे टोचायचे आहे. आपल्याकडच्या सेंद्रिय प्रमाणपत्राला रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्याशी कर्तव्य असते, आणि बारमाही पिकाला तीन वर्षांचा रूपांतरकाळ पाळावा लागतो. छत्र किती टक्के आणि जाती किती, हे ते विचारत नाही. सिल्व्हर ओकच्या एकसुरी रांगांखालची कॉफीही सेंद्रिय ठरू शकते, आणि वीस जातींच्या दाट राईतली कॉफी एक पोते युरियामुळे अपात्र होऊ शकते. शिवाय सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हा समजही खोटा आहे. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालते. अथणी किंवा तासगावच्या द्राक्षवाल्याला विचारा, बोर्डोची निळसर पुटे त्याच्या हातांना ठाऊक आहेत, आणि वर्षानुवर्षे फवारलेले तांबे मातीतून नाहीसे होत नाही हेही. याउलट अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने पक्ष्यांच्या दृष्टीने ठरवलेल्या 'बर्ड फ्रेंडली' मानकात दोन्ही अटी एकत्र आहेत: माल सेंद्रिय असला पाहिजे, आणि छत्र किमान चाळीस टक्के व झाडांच्या जाती किमान दहा असल्या पाहिजेत. म्हणजे सावली मोजता येत नाही, असे कोणी सांगू नये.

सेंद्रिय शेतीत उत्पन्न कमी येते, म्हणून तेवढ्याच कॉफीला जास्त जमीन लागेल आणि ती जमीन जंगलातूनच येईल, हा निवृत्त अधिकाऱ्यांचा दुसरा मुद्दा होता. तो मी हलका मानत नाही. हरितक्रांतीने दर एकरी उत्पन्न वाढवून बरीच पडीक आणि जंगल जमीन नांगराखाली जाण्यापासून वाचवली, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने आकडे आहेत. पण गव्हाचे गणित कॉफीला जसेच्या तसे लावता येईल का? गव्हाच्या शेतात गहूच येतो. या मळ्यात कॉफीबरोबर मिरी, वेलदोडा, संत्रे, फणस, लाकूड येते. कोडगूचे संत्रे तर एके काळी कॉफीइतकेच नावाजलेले होते. एकट्या कॉफीचे पोते तराजूत घालून उत्पन्न कमी म्हणणे म्हणजे दुधाच्या मापावर बैल जोखणे. आणि घाटातला खरा पर्याय 'सावलीचा मळा की जंगल' असा क्वचितच असतो. या शतकाच्या सुरुवातीला कॉफीचे भाव उत्पादनखर्चाच्याही खाली कोसळले होते. अशा वेळी मळेवाला जमीन वनखात्याला दान करीत नाही. तो आले लावतो, रिसॉर्टवाल्याला विकतो किंवा प्लॉट पाडतो. सावलीच्या कॉफीला बरा भाव मिळणे हे त्या वळणावर उभ्या असलेल्या झाडाच्या कामाचे आहे.

सावलीचा मळा म्हणजे जंगल नव्हे, हेही निर्विवाद कबूल करतो. खालची झुडपे, रोपे दरवर्षी साफ होतात, त्यामुळे वरच्या म्हाताऱ्या झाडांना वारस राहत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत दरडी कोसळल्या, त्यांत कॉफीचे मळेही गेले; उतार कापून रस्ते आणि घरांसाठी सपाटी केली की वर कितीही छत्र असले तरी डोंगर थांबत नाही. दाट मळ्यांत हत्ती शिरतात आणि माणसे मरतात, ती बहुधा मजुरांच्या लाईनीत, म्हणजे मळ्यावरच्या चाळीत राहणारी, मालकाच्या बंगल्यातली नव्हेत. हत्तीने रातोरात झोपवलेला ऊस खानापूर-चंदगडच्या लोकांनी पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ फोडून सांगायला नको. त्या मजुराला रोज किती मिळतो, हे सावलीचे किंवा सेंद्रियाचे कोणतेच चिन्ह सांगत नाही. जो कॉफीविक्रेता या गोष्टी झाकून फक्त धनेशाचे चित्र छापतो, त्याच्यावर मीही विश्वास ठेवणार नाही. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? जंगलापेक्षा कमी आहे म्हणून उघड्या उन्हातल्या एकपिकाच्या बरोबरीचे आहे, असा काढायचा असेल तर तो तर्क माझ्या पचनी पडत नाही.

राहिला चोचल्यांचा आरोप. दहा ग्रॅम पुडीत, म्हणजे कॉफीच्या भुकटीत, एक कप होतो. किलोमागे पाचशे रुपये जास्त धरले तरी कपामागे पाच रुपये पडतात. ज्याला ते जड आहेत त्याने देऊ नयेत. जो कॉफीच्या दुकानात बसून दीडशे रुपये मोजतो त्याने गरिबाच्या आडून नकार देऊ नये. पण या आरोपाचे अधिक नेमके उत्तर बेळगावच्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९२४ मध्ये इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असे ते एकमेव. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याचीच आठवण. काँग्रेसच्या सभासदाने पैशाच्या वर्गणीऐवजी दरमहा २००० वार सूत द्यावे, हा नियम त्या अधिवेशनात मान्य झाला. मात्र त्यातच एक पळवाट होती: आजारपण, अनिच्छा किंवा तसेच काही कारण असेल तर दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत दिले तरी चालेल. अनिच्छा हे कारण चालते म्हटल्यावर बाकी काय राहिले? वर्षभरातच पैशाची वर्गणी पुन्हा मान्य करावी लागली. खादीलाही तेव्हा महागडी, जाडीभरडी, श्रीमंतांची देशभक्ती म्हणून हिणवले गेले होतेच. विकतच्या सुताने सभासद झालेल्यांचे पुढे काय झाले ते शोधायला कोणी जात नाही. पण त्याच अधिवेशनाची व्यवस्था अंगावर घेणारे गंगाधरराव देशपांडे बेळगावजवळच्या हुदली गावात खादीचे काम उभारत राहिले, म्हणजे कातणारा, विणणारा आणि घेणारा यांची साखळी जोडत राहिले, आणि हुदलीचे नाव खादीशी आजही जोडलेले आहे. प्रमाणपत्र विकत घेणे आणि उत्पादन उभे करणे यांतला फरक आपल्या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळलेला आहे, तो कॉफीच्या वेळीच का विसरावा?

कॉफीत ती साखळी जोडणे आज शक्य आहे आणि पूर्वी नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवे. १९४२ च्या कायद्यानंतर पन्नासेक वर्षे मळेवाल्याला आपला माल सरकारी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालावा लागे. उंबराखालची आणि उन्हातली, सगळी एका ढिगात. चांगली सावली राखणाऱ्याला तिचा वेगळा भाव मागायची सोयच नव्हती. १९९० च्या दशकात ती सक्ती उठली. २०१९ मध्ये कोडगू, चिक्कमगळूर आणि बाबा बुडनगिरीच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला की २०२० अखेरनंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी तिथे विकता येणार नाही. त्याची अंमलबजावणी लांबत असली तरी माल कोणत्या जमिनीचा, हे दाखवण्याची तयारी निर्यातदारांना करावीच लागते आहे. इटली-जर्मनीच्या गिऱ्हाइकासाठी मळ्याचा नकाशा काढता येतो, तर बेळगावच्या गिऱ्हाइकाला झाडांची नावे सांगता येऊ नयेत? देशातल्या कॉफीधारकांपैकी बहुतेक सगळे दहा हेक्टरांच्या आतले आहेत, त्यांना एकेकट्याने प्रमाणपत्राचा खर्च पेलणार नाही, हे खरे. पण गटाने प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे, आणि प्रश्न विचारायला तर प्रमाणपत्रही लागत नाही.

आमच्या भागात कॉफीचे पीक नाही, मग हा खटाटोप आम्ही का करावा, असे कोणी म्हणेल. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप धरणाचे पाणी बेळगाव पिते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा आणि घटप्रभा या दोन्ही नद्यांनी या जिल्ह्यात काय केले ते अजून भिंतींवरच्या खुणांत दिसते. जांबोटीच्या वाटेवर देवराईतून बाहेर पडून अकेशियाच्या रांगांत शिरा: वर पाने दोन्हीकडे आहेत, पायांखालची जमीन मात्र दुसऱ्या गावची वाटते. देवराईतले झाड देवाच्या धाकाने उभे राहिले. मळ्यातल्या झाडाला तसा धाक नाही, त्याला भावाचाच आधार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कॉफीत चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, मिसळायची तर निम्म्याहून अधिक कॉफी असलीच पाहिजे आणि पाकिटावर चिकोरीची टक्केवारी छापलीच पाहिजे, असा नियम आपल्याकडे आहे. सावलीच्या नावावर विकायचे असेल तर झाडांच्या जातींची संख्या आणि छत्राची टक्केवारी त्याच ओळीखाली छापावी. कॉफी बोर्डाचे बाळेहोन्नूरचे संशोधन केंद्र १९२५ पासून आहे. मोजणीची रीत ठरवून देणे त्याला अवघड नाही.

तोवर तोंडाने विचारायचे. गेल्या शनिवारी खडेबाजारात, जिथे मी पंचवीस वर्षे पुडी घेतो त्या दुकानात, विचारून पाहिले. दुकानदाराने दळणाचे यंत्र बंद केले. "सावली-बिवली कोण विचारत नाही ओ. चिकोरी किती घालू, ते सांगा की." मी हटलो नाही, तेव्हा त्याने सकलेशपूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला, कन्नडमध्ये दोन मिनिटे बोलला आणि माझ्याकडे वळला. "सिल्व्हर ओक हाय म्हणतोय. वर मिरी. चालंल काय?" पुढच्या खेपेला फणस-उंबराखालची आणि औषध न मारलेली मिळते का बघा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, असे मी सांगितले. त्याने बिलाच्या पाठीवर ते लिहून घेतले. मग मी नेहमीची पाव किलो बांधून घेतली, वीस टक्के चिकोरी घालून.